टोपीची उत्तरपूजा

१

माणसांना झोपवायचं आणि परत उठवायचं, हे वरदाचं काम. लंडनच्या एका हॉस्पिटलात ती भूलतज्ज्ञ होती. सर्जन मंडळी कापाकापी करून, हातमोजे भिरकावून मोकळी होत आणि टेबलावरच्या माणसाला या जगात परत आणायची जबाबदारी वरदावर उरे. औषध उतरू लागलं की ती पेशंटच्या कानाशी वाकायची आणि त्याला घरच्या नावाने हाक मारायची. ते नाव ती भूल देण्याआधी आवर्जून विचारून ठेवत असे. आजवर तिच्या हाकेला ओ न देता कोणी राहिलं नव्हतं. हे तिने कधी कोणाला बोलून दाखवलं नाही, उगाच दृष्ट लागायची.

"एवढी डॉक्टर झालीस, आणि दृष्ट कसली लागते गं?" असं तिचा नवरा राजीव चिडवायचा. पण खंडेनवमी आली की तोही सकाळी आंघोळ करून पाटासमोर हजर असे. हॅरोतल्या त्यांच्या घरी हा सण मनापासून व्हायचा. पाटावर तांदळाची रास पसरून तिच्यावर राजीवचा लॅपटॉप, वरदाचा स्टेथोस्कोप, गाडीची किल्ली आणि पुण्याहून आणलेली विळी मांडायची. हळदकुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. प्रत्येक वस्तूवर अक्षता टाकताना वरदा तिच्या आईसारखंच म्हणायची, "या, बसा." दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा. पुन्हा अक्षता टाकायच्या, "आलात, बसलात, आता सुखाने आपल्या ठिकाणी जा" म्हणायचं आणि वस्तू जागची जराशी हलवायची. तोवर तिला हात लावायचा नाही. लॅपटॉपला दिवसभर हात लावायचा नाही म्हटल्यावर राजीवची या सणावर भक्ती का, हे सांगायला नको.

त्या वर्षी त्यांचा एकुलता एक वेदही घरी होता. युनिव्हर्सिटी अर्ध्यावर टाकून पोरगं सैन्यात गेलं, लाल कोट आणि उंच केसाळ टोपी घालून राजवाड्यापुढे पहारा देणाऱ्यांत उभं राहिलं, तेव्हा वरदा वर्षभर त्याच्याशी धड बोलली नव्हती. आता तो दुसऱ्या दिवशी आपल्या जुन्या शाळेतल्या मुलांना टोपी दाखवणार होता, म्हणून छावणीत सही करून ती घेऊन आला होता. ढोलाएवढा डबा त्याने पाटाशेजारी ठेवला.

"आई, माझा टूल पण ठेव ना. सगळ्यांचा ठेवलास."

डब्यातून टोपी निघाली. काळीभोर, हातभर उंच, खाली पितळी साखळी. आत वेताचा सांगाडा आणि वर खरंखुरं अस्वल.

"अरे, कातडं ते! देवापुढे?" वरदा म्हणाली.

"ऋषीमुनी मृगाजिनावर बसायचेच की," राजीव म्हणाला. "आणि आपल्या घरात एक अस्वल आधीच आहे. त्याला बरं सोबत होईल."

हे दुसरं अस्वल म्हणजे दाराशी टांगलेला वरदाचा कोट. कार्डिफला शिकायला आली तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात तिने तो जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतला होता. आतल्या पट्टीवर 'बेअरस्किन', म्हणजे अस्वलाचं कातडं, असं छापलेलं. त्या जाड, लव सुटलेल्या लोकरी कापडाचं ते नाव, बाकी अस्वलाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. लहानपणी वेद त्या कोटात गुरफटून झोपायचा आणि त्याला 'माझा अस्वल' म्हणायचा.

पोराने आपणहून पूजेला काही आणून ठेवलं, या आनंदातच वरदा विरघळली. तिने टोपी पाटाच्या मधोमध ठेवली. केसांत बोट खुपसून हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या.

"या, बसा," ती म्हणाली.

२

दसऱ्याच्या सकाळी वरदा आंघोळ करून खाली आली. टोपीवरचं फूल घरंगळून कडेला अडकलं होतं. ते काढताना तिची बोटं टोपीच्या आत गेली.

आत ऊब होती. नुसती ऊब नव्हे, दमट ऊब. कोणी आत्ताच डोक्यावरून काढून ठेवावी तशी.

वरदाने शेजारच्या स्टेथोस्कोपला हात लावून पाहिला. बर्फ. ऑक्टोबर लागला तरी राजीव हीटिंग सुरू करू देत नसे, त्यामुळे खोली चांगलीच गारठली होती. केसाळ वस्तू आहे, धरून ठेवत असेल उष्णता, असं तिने स्वतःला समजावलं. पण कालपासून धरायला उष्णता होती कुठे?

"वेद, रात्री टोपी घातली होतीस का रे?"

"नो, आई. तू टच नको करू म्हणालीस ना." तो जिन्यावरून धडधडत खाली आला, कानाला फोन. "शाळा कॅन्सल. कोणीतरी सिक आहे, मला ड्यूटीला बोलावलंय. आत्ता. बाबा, स्टेशनला सोडता?"

"थांब, उत्तरपूजा व्हायची आहे. दोन मिनिटं लागतील."

"ट्रेन जाईल, आई!" त्याने टोपी उचलली, डब्यात घातली. केसांतून चार अक्षता खाली सांडल्या. मग तो तिच्या पाया पडला, आणि वरदा त्याला थोपवायची ती आशीर्वादच देऊन बसली. दार लागलं.

तिने उरलेल्या वस्तूंची उत्तरपूजा केली. लॅपटॉप हलवला, किल्ली हलवली, विळी हलवली. मधोमध तांदळात टोपीचा गोल खळगा राहिला होता. तिने तळहात ठेवून पाहिला. तांदूळ कोमट होते. मग मात्र तिने तो हात लगेच धुतला.

३

दिवाळीनंतरच्या शनिवारी वेद घरी आला. फराळाच्या ताटातली एक चकली त्याने उचलली आणि बराच वेळ ती हातात धरून बसला.

"टोपी खूप जड आहे का रे?" वरदाने विचारलं.

"टोपी लाइट असते, आई. काढली ना, की जड होते." त्याने कपाळ चोळलं. "आत कोणीतरी बसलंय असं वाटतं. मला थोडं सरकून जागा द्यावी लागते."

वरदाचा हात ताटातच थांबला. बसलंय. 'बसा' कोणी म्हटलं होतं?

"स्ट्रेस आहे," राजीव म्हणाला. "तासन्तास पुतळ्यासारखं उभं राहायचं, पोरं समोर येऊन माकडचेष्टा करणार, हसायचं नाही, हलायचं नाही. माझं तर अर्ध्या तासात डोकं फिरेल. तुमच्या तिथल्या डॉक्टरला दाखव, वेद."

"दाखवलं, बाबा. फिट आहे म्हणाले."

दुपारी जेवून तो आपल्या खोलीत झोपला. चहाच्या वेळी वरदा बोलवायला वर गेली, तेव्हा खोलीत भलताच गारवा होता आणि तो कुशीवर मुटकुळं करून पडला होता. तिने खाली जाऊन दाराशी टांगलेला कोट आणला, त्याच्या अंगावर घातला, गळ्यापर्यंत ओढला. तेवढ्यात तिच्या कानांनी, इतक्या वर्षांच्या सवयीने, त्याचा श्वास ऐकला. आणि मग ऐकलाच नाही.

ती थांबली. छाती वर आली नाही. वरदाच्या घशाशी हाक आली, तेव्हा कुठे एक लांब, खोल, घरघरता श्वास आत गेला. पुन्हा शांतता. तिने मनगट धरलं. नाडी शांतपणे, सवडीने चालली होती. इतकी सावकाश नाडी तिने टेबलावर पाहिली असती तर चार माणसं धावत आली असती. पण याचे ओठ गुलाबी होते, नखं गुलाबी होती. पोरगं मजेत झोपलं होतं. इतक्या थोड्या श्वासावर कोणी मजेत राहत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"वेद. वेदू, ऊठ बाळा. डोळे उघड."

तिच्या हाकेला कोणी इतका वेळ लावला नव्हता. अखेर त्याने डोळे उघडले, कोट छातीशी घट्ट धरला आणि लहानपणी रडायचा तसा रडायला लागला.

"आई, मला खूप लांबून यावं लागतंय," तो म्हणाला. "पुढच्या वेळी जोरात हाक मार."

४

लेस्टरचे दीक्षित गुरुजी दिवसा औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होते आणि शनिवार-रविवारी व्हिडिओवरून सत्यनारायण सांगत. वरदाने त्यांना फोन लावला. राजीव घरी नसताना लावला.

"राहिली तर राहिली हो उत्तरपूजा," गुरुजी हसून म्हणाले. "मनात म्हणा आणि अक्षता टाका. देव काय हट्ट धरून बसणार आहेत? इथे सगळ्यांचं ऑफिस असतं. कशाची पूजा होती?"

"टोपीची. मुलाची, सैन्यातली. अस्वलाच्या कातड्याची असते ती."

पलीकडे दुकानाच्या दाराची घंटी वाजली, कोणीतरी थँक यू म्हणालं.

"हॅलो?"

"लॅपटॉपवर, विळीवर आपण देवाला बोलावतो, ताई. त्यात आधी कोणी राहत नसतं," ते म्हणाले. आता हसत नव्हते. "कातडं म्हणजे कोणाचं तरी घरच. तुम्ही नक्की कोणाला बसा म्हणालात, मला सांगता यायचं नाही. ती टोपी आणा, तिच्यावर अक्षता टाका आणि हलवा. बाकी मला यात विचारू नका."

टोपी आणा म्हणे! वेदने वरिष्ठांना विचारून पाहिलं. शाळेचा कार्यक्रम नाही तर टोपी बाहेर जाणार नाही, असं उत्तर आलं. मग त्याने स्वतः अक्षता टाकाव्यात म्हणून तिने त्याला पुडी पाठवली. चार दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज फार दमलेला होता.

"आई, आय ट्राइड. हातात राइस घेतला की हात वर जात नाही. तो खाली ठेवतो."

"तो कोण?"

"माहीत नाही, आई. तू कर ना काहीतरी. प्लीज, लवकर कर."

५

पूजेत एखादी वस्तू मिळाली नाही तर तिच्या जागी दुसरी चालते. वस्त्र नसेल तर कापूस, देव नसेल तर सुपारी, आणि काहीच नसेल तर अक्षता. परदेशात तर सगळी पूजा या बदलीच्या मालावरच चालते. आपट्याची पानं नाहीत म्हणून वरदाने एके वर्षी बागेतल्या कुठल्या झुडपाची पानं सोनं म्हणून वाटली होती. तेव्हा अस्वलाच्या टोपीऐवजी काय, हे तिला सुचायला वेळ लागला नाही. आणि सुचलं तेव्हा आपण किती हुशार, असंही वाटून गेलं.

तिने कोट काढला. आतली पट्टी पुन्हा वाचली. बेअरस्किन. टोपीचं इंग्रजी नाव तेच, अंगावर केस तसेच. पाटावर तांदूळ पसरून त्यावर कोटाची घडी ठेवली.

राजीव दारात येऊन उभा राहिला. "वरदा, लोकर आहे ती. मेंढीची."

"सुपारी तरी कुठे गणपती असते?"

राजीव आत येऊन तिच्याशेजारी बसला आणि त्याने हात जोडले. पोराच्या काळजीने तोही अर्धा झाला होता.

वरदाने हळदकुंकू वाहिलं. अक्षता घेतल्या. मनातली सगळी शक्ती एकवटून ती म्हणाली, "आलात, बसलात, आता सुखाने आपल्या ठिकाणी जा." आणि दोन्ही हातांनी कोट जागचा हलवला.

कोटातून एक उसासा निघाला. जाड कापडाच्या घडीतली हवा, दुसरं काय! पण दोघांनीही तो ऐकला आणि राजीवने तिचा हात धरला.

तासाभरात वेदचा फोन आला. आवाज खणखणीत होता.

"आता बरं आहे," तो म्हणाला. "आता दाटी नाही. जागा झाली."

वरदा रडली, हसली, राजीवच्या गळ्यात पडली. तिने शिरा केला. दोघांनी तो कढईतूनच खाल्ला. भांडी घासताना तिच्या लक्षात आलं की फोनवर तो एकदाही 'आई' म्हणाला नव्हता. घाईत असेल, असं म्हणून तिने नळ मोठा सोडला.

६

डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला चैन पडेना. वेदची पाळी लंडनच्या जुन्या किल्ल्याच्या आवारात होती. तिथे दोरीपलीकडून पहारेकरी अगदी जवळून दिसतात. कडाक्याची थंडी पडली होती. वरदाने तोच कोट घातला आणि खिशात मूठभर अक्षता टाकल्या. असाव्यात म्हणून.

तो उभा होता. करडा ओव्हरकोट, ओठाखाली पितळी साखळी, भुवयांपर्यंत उतरलेली काळी टोपी. मनात आणलं तरी तो बोलू शकणार नव्हता, मान वळवू शकणार नव्हता, हे तिला माहीत होतं. दोरीशी फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. ती घुसत घुसत पुढे गेली.

"वेदू," ती हळूच म्हणाली.

काही हललं नाही. नियमच तो. त्यात वाईट कसलं वाटून घ्यायचं?

मग तिला दिसलं. थंडीत प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. तिच्या, शेजारच्या जपानी बाईच्या, बाबागाडीतल्या बाळाच्यासुद्धा. वेदच्या ओठांतून काही निघत नव्हतं. ती थांबली, टेबलाशेजारी थांबायची तशी, नजर त्याच्या नाकाखाली रोखून. काहीच नाही. आणि मग टोपीच्या केसांतून, मधोमध, सावकाश, एक लांब पांढरी वाफ वर आली. विरली. बराच वेळ काही नाही. पुन्हा आली.

टोपीवर ऊन आहे, दव सुकतंय. तिच्या बुद्धीने तत्परतेने कारण पुढे केलं. आभाळ भरलेलं होतं.

वरदाने खिशात हात घालून अक्षता मुठीत धरल्या. हात वर केला. आणि तेव्हा तिला स्वतःच्या अंगावरच्या कोटाचा गारवा जाणवला. एवढा जाड कोट, सकाळपासून अंगात, आणि आतून ओल्या भिंतीसारखा गार. त्या दिवशी वेदच्या अंगावर घातला होता तोच हा. लहानपणापासून तो ज्यात झोपला, छातीशी धरून रडला, तोच. या कोटात कोणी बसलं असेलच तर कोण बसलं असेल?

आणि तिने काय म्हटलं होतं? आता आपल्या ठिकाणी जा.

मुठीतल्या अक्षता टाकायच्या होत्या, पण टाकून 'जा' म्हणायचं कोणाला? तो आतला गेला तर त्या ओव्हरकोटात उरणार कोण? कोणीच नाही. तिनेच तर जागा रिकामी करून दिली होती.

"मॅडम, मागे या. प्लीज," एक पोलीस म्हणाला. तिचा हात खाली आला. अक्षता फरसबंदीवर सांडल्या आणि कबुतरं धावली. गर्दीतलं एक पोरगं हसलं.

पहारेकऱ्याने मान वळवली नाही. फक्त टोपीखालचे डोळे किंचित सरकले आणि तिच्यावर थांबले. ओळख नव्हती त्यांत. रागही नव्हता. पोट भरलेल्या जनावराचे असतात तसे शांत डोळे होते.

७

नाताळच्या रजेत तो घरी आला. वरिष्ठांनी कौतुकाचं पत्र दिलं होतं, इतका स्थिर उभा राहणारा जवान पाहिला नाही म्हणून. त्याने समोर येईल ते सगळं खाल्लं, फार खाल्लं, मग वर जाऊन पडद्यांची फट नीट झाकली आणि झोपला. थंडीत गुहेत शिरलेलं अस्वल झोपतं तसा अजून झोपला आहे. राजीवने डॉक्टर आणले, त्याची रजा वाढवून घेतली, रक्त तपासून झालं, डोक्याचा स्कॅन झाला. सगळं उत्तम. तरुण वय आहे, थकवा आहे, झोपू द्या, असं सगळे म्हणतात. राजीवला ते पटतं, कारण त्याला ते पटवून घ्यायचंच आहे. वरदा त्याला काही सांगत नाही. सांगून तो तरी काय करणार?

रोज सकाळी ती पाटावर कोट मांडते. अक्षता टाकते. "ये रे बाळा, बस," म्हणते. जोरात म्हणते, कारण लांबून यायला वेळ लागतो हे तिला माहीत आहे. मग कोटाच्या आत हात घालून पाहते. गार असतो.

पहिल्या आठवड्यात ती वर जाऊन हाकही मारायची. तिच्या हाकेला ओ न देता कोणी राहिलं नव्हतं, त्याची तिला सवय होती. एकदा तिने त्याच्या कानाशी वाकून, सगळा जीव ओतून हाक मारली, "वेदू! डोळे उघड!" श्वास थांबला. डोळे उघडले. त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आपली झोप कोणी मोडली ते लक्षात ठेवावं तसं, आणि ते सावकाश मिटले.

आता ती हाक मारत नाही. दुपार कलली की वरच्या खोलीतला तो श्वास जिन्यापर्यंत ऐकू येतो. थंडी सरत आली आहे, बागेत वसंतात फुलणाऱ्या क्रोकसची टोकं दिसू लागली आहेत, दिवस मोठा होतो आहे. इतकी वर्षं माणसांना उठवण्याचं काम केलेली वरदा घरात चवड्यांवर चालते, भांडं पडू देत नाही, दार हळू लावते.